खुंटीवरचा माणूस आणि ठिबकच्या नळीतली घोणस

गेल्या अंकात या सदरात एक चित्र छापलं होतं. मधोमध फुलदाणीसारखा पांढरा आकार, दोन्ही बाजूंना काळं. एडगर रुबिन या डॅनिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या प्रबंधात अशाच आकृतीचा अभ्यास मांडला होता. खाली एवढंच विचारलं होतं, की तुम्हाला आधी काय दिसलं? पत्रांचा असा गठ्ठा येईल असं वाटलं नव्हतं. कुणी फुलदाणी लिहिली, कुणी समोरासमोर पाहणारे दोन चेहरे. जेजुरीहून एकाने 'दिवटी' असं एकाच शब्दात कळवलं. बहुतेकांनी मात्र त्या चित्रावर न थांबता आपल्या घरातलं, शेतातलं, कामावरचं काही विचारलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यातला बराच काळ प्रात्यक्षिकाच्या खोलीत गेला. या पत्रांनी ती खोली पुन्हा उघडली. त्यातली सहा पत्रं घेते.

माझं वय ७१. नातीने मोबाइलवर चित्र दाखवलं. मला म्हातारी दिसली, मोठ्या नाकाची, हनुवटी छातीत रुतलेली. नात म्हणाली, अगं आजी, ही तर तोंड फिरवून बसलेली तरुण मुलगी! चित्राखाली लिहिलं होतं, 'ज्यांना म्हातारी आधी दिसते त्यांचं मन थकलेलं असतं.' सगळे हसले, मीही हसले. पण रात्री झोप लागली नाही. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. माझं मन खरंच थकलंय का? — एक वाचक, कऱ्हाड

ताई, नाही. ती ओळ ज्याने कुणी लिहिली त्याला त्या चित्राची माहिती नाही आणि तुमची तर मुळीच नाही. यजमान गेल्यानंतर झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांशी जरूर बोला. पण ते त्या दुःखासाठी बोला, चित्रासाठी नको.

हे चित्र हिल नावाच्या अमेरिकन व्यंगचित्रकाराचं. ६ नोव्हेंबर १९१५ च्या 'पक' नावाच्या विनोदी साप्ताहिकात ते आलं. नाव होतं 'माझी बायको आणि माझी सासू', आणि दोघीही चित्रात आहेत, शोधा, असं वाचकांना सांगितलं होतं. त्याच्याही आधी, १८८८ च्या एका जर्मन पोस्टकार्डावर असंच चित्र सापडतं. तरुणीची हनुवटी तेच म्हातारीचं नाक. तरुणीचा कान तोच म्हातारीचा डोळा. तरुणीच्या गळ्यातली पट्टी म्हणजे म्हातारीचं मिटलेलं तोंड. कागदावर दोघींचा हक्क सारखा आहे. आधी कोण पुढे यायचं, हे पाहणाऱ्याच्या डोक्यात काय साठलंय त्यावर ठरतं.

१९३५ साली रॉबर्ट लीपर यांनी या चित्राच्या दोन वेगळ्या आवृत्त्या करून घेतल्या. एकीत फक्त तरुणी स्पष्ट दिसावी, दुसरीत फक्त म्हातारी. काही जणांना पहिली दाखवली, काहींना दुसरी, आणि मग सगळ्यांसमोर मूळ चित्र ठेवलं. जिने-ज्याने आधी तरुणी पाहिली होती त्यांना तरुणी दिसली, आधी म्हातारी पाहिलेल्यांना जवळजवळ सगळ्यांना म्हातारी. थोड्या वेळापूर्वी पाहिलेलं एक चित्र एवढं काम करतं. झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाच्या दाराशी दोघा संशोधकांनी येणाऱ्यांना असंच एक दुहेरी चित्र दाखवलं, ससाही वाटेल आणि पक्षीही. ईस्टरच्या रविवारी बहुतेकांनी ससा म्हटलं, कारण तिकडे ईस्टरला दुकानंभर ससेच असतात. ऑक्टोबरातल्या रविवारी बहुतेकांनी पक्षी म्हटलं.

चित्राखालच्या त्या ओळीत एक कण खरा आहे, तो लपवत नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच चित्र वेगवेगळ्या वयाच्या लोकांना अर्धा सेकंद दाखवून विचारलं, बाईचं वय किती असेल? वयाने लहान असलेल्यांनी सरासरीने कमी वय सांगितलं, मोठ्यांनी जास्त. यात थकव्याचा कुठे संबंध आहे? तुमच्या रोजच्या पाहण्यातले चेहरे कुणाचे? देवळातल्या मैत्रिणी, शेजारच्या काकू, आरशातला तुमचा स्वतःचा. नातीभोवती दिवसभर कॉलेजातल्या मुली. जे चेहरे ओळखायचा सराव जास्त, ते आधी पुढे येतात. आता नातीला एखाद्या म्हाताऱ्या बाईचा फोटो मिनिटभर न्याहाळायला द्या. हे चित्र कधीच न पाहिलेल्या तिच्या एखाद्या मैत्रिणीलाही तसंच करायला लावा, मग चित्र दाखवून काय दिसतं ते विचारा.

या निमित्ताने एक गोष्ट लिहायचीच आहे, कारण ती माझ्या हातून चुकली. प्रात्यक्षिकात आम्ही मुलांना नेकरचा घन दाखवायचो. नेकर हे स्विस शास्त्रज्ञ. स्फटिकांची रेखाचित्रं पाहताना चौकोनी ठोकळ्याची पुढची बाजू अचानक मागे जाते हे त्यांनी १८३२ साली लिहून ठेवलं. मुलं त्या घनाकडे मिनिटभर एकटक बघायची, घन पालटला की टेबलावर बोट आपटायची, आणि जोडीदार स्टॉपवॉच धरून जर्नलमध्ये आकडा लिहायचा. एका मुलीच्या जर्नलमध्ये शून्य होतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, तू नीट पाहिलंच नाहीस, जर्नल परत लिहून आण. दुसऱ्या दिवशी तिने बारा लिहून आणले. मी सही केली. पुढे काही वर्षांनी आयर्विन रॉक यांचे प्रयोग वाचनात आले. घन पालटतो हे ज्यांना आधी सांगितलेलंच नाही, त्यांच्यातल्या कित्येकांना तो मिनिटभरात एकदाही पालटत नाही. ती मुलगी आदल्या तासाला गैरहजर होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी तिने लिहिलेलं शून्य हा खरा आकडा होता आणि माझी सही खोट्या आकड्याखाली आहे. ती आज कुठे आहे मला माहीत नाही. हे तिच्या वाचनात आलं तर मी तिची माफी मागते.

म्हणून ताई, कुणाला काय दिसलं यावरून माणसाला हसायचं नाही, ही गोष्ट मी फार महागात शिकले आहे.

सांगोल्याकडं आमची डाळिंबाची बाग आहे. मागच्या श्रावणात बागेत घोणस चावली. अकरा दिवस दवाखान्यात होतो, वाचलो. तेव्हापासून ठिबकची नळी दिसली की काळजात चर्र होतं. नळी मीच अंथरलेली आहे, तरी आधी सापच दिसतो, मग नळी. डोळे तपासले, नंबर नाही. घरचे म्हणतात भित्रा झालास. हे कधी जाणार? — एक शेतकरी वाचक

दादा, वाचलात हे वाचून बरं वाटलं. तुम्ही 'आधी साप दिसतो, मग नळी' असं लिहिलंत, हे फार नेमकं निरीक्षण आहे. डोळ्यातून येणारी खबर अपुरी असते. झाडाखाली काळी, वळलेली नळी, तिच्यावर पानांतून पडलेले उन्हाचे कवडसे. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे गोल डाग असतात, ते आठवा. कवडसे पडलेली नळी आणि घोणस यांत डोळ्यापुरता फरक किती उरतो? मेंदू पूर्ण खबर यायची वाट पाहत बसत नाही. हातात आहे तेवढ्यावरून, आजवरच्या अनुभवाच्या जोरावर तो अंदाज बांधतो, आणि तो अंदाजच आपल्याला 'दिसतो'. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दीडशे वर्षांपूर्वी याला नकळत केलेलं अनुमान म्हटलं.

आपल्याकडे तर हे उदाहरण घरचंच आहे. अंधारात दोरी पाहून साप म्हणून दचकणारा माणूस वेदान्तात पानोपानी भेटतो. आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरच्या भाष्याच्या सुरुवातीलाच भ्रमाची जी व्याख्या केली आहे ती मी दर वर्षी फळ्यावर लिहायची: 'स्मृतिरूपः परत्र पूर्वदृष्टावभासः'. पूर्वी पाहिलेल्या वस्तूचा, आठवणीच्या रूपाने, भलत्याच ठिकाणी होणारा भास. यातला 'पूर्वदृष्ट' हा शब्द बघा. ज्याने साप कधी पाहिला-ऐकलाच नाही, त्याला दोरीत साप दिसायचा नाही. तुम्ही पाहिलाच नाही नुसता, अकरा दिवस सोसलात. तुमच्या डोक्यातल्या रांगेत घोणस सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली आहे.

यात भित्रेपणा कसला? नळीला साप समजलात तर काळजाचा एक ठोका चुकतो. सापाला नळी समजलात तर काय होतं ते तुम्ही भोगलंय. दोन चुकांची किंमत इतकी वेगळी असेल तर मेंदू स्वस्तातली चूक पुन्हा पुन्हा करणार, आणि तेच शहाणपणाचं आहे. अमेरिकेतल्या एका प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना फोटोंच्या घोळक्यातून एक फोटो शोधायला लावला. फुलांमधला साप त्यांना पटकन सापडला, सापांमधलं फूल उशिरा.

कधी जाणार, याचं उत्तर: हळूहळू, आणि सगळं जाऊ नये. डोळ्याला फरक हाती द्या. जिथून रोज चालता तिथल्या नळीला दर पाच-सहा फुटांवर पिवळी चिकटपट्टी गुंडाळा. घोणशीला पिवळ्या पट्ट्या नसतात, महिनाभरात मेंदू ते शिकेल. उजेडी, गमबूट घालून, वाकून नळी हातात धरा, रोज थोडी. संध्याकाळी बॅटरी आणि काठी घ्यायचीच. पण झोपेत तोच प्रसंग दिसत असेल, बागेत जाणंच टाळलं जात असेल, तर १४४१६ या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ते जरूर करा.

मी वर्षभर मोडी शिकतोय. एकेक अक्षर लावत एका ओळीला अर्धा तास जातो. आमचे गुरुजी तोच कागद हातात घेतात आणि वर्तमानपत्र वाचावं तसे वाचतात, तेही कसर लागलेला. माझ्या डोळ्यात काय कमी आहे? — एक विद्यार्थी, वाई

डोळ्यात काही कमी नाही. तुमच्याकडे अजून पुरेसे जुने कागद साठलेले नाहीत, एवढंच.

आधी बालबोधातलं, म्हणजे आपल्या देवनागरीतलं बघू. ख हे अक्षर जुन्या वळणाने, तळाशी न जोडता लिहिलं तर ते 'रव' होतं. किराण्याच्या यादीत साखर, पोहे यांच्याखाली तो आकार आला तर कुणी 'खा' वाचत नाही, रवा वाचतो. तोच आकार 'डबा वेळेवर' या शब्दांपुढे आला तर 'रवा' कुणाच्या मनातही येत नाही. र वरची रेघ काढली की २ उरतो, आणि तरी हिशेबाच्या वहीत आपण अडखळत नाही. ब्रूनर आणि मिंटर्न यांनी १९५५ साली इंग्रजीतल्या बी आणि तेरा या आकड्याच्या सारखेपणावर हाच प्रयोग केला. अक्षरांच्या ओळीत ठेवलं तर लोक बी वाचत, आकड्यांच्या ओळीत तेरा.

मोडीत हे पदोपदी घडतं. आधी पानभर आडवी रेघ ओढलेली, तिला टांगलेली अक्षरं, दोन शब्दांमध्ये जागा नाही, विराम नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, कलम उचलायची नाही म्हणून अक्षरांची टोकं एकमेकांत गुंतलेली. या कागदाचं प्रत्येक वळण म्हणजे दुहेरी चित्र आहे. गुरुजी तो वाचतात कारण पत्र कसं चालतं ते त्यांना पाठ आहे. वर श्री, मग 'राजश्री', मग नाव, 'गोसावी यांसी', मग नमस्कार, 'विनंती उपरी', आणि मजकुराला सुरुवात. तारीख चंद्राच्या 'छ' ने येणार आणि साल अरबी शब्दांत. शेवटी 'मोर्तब सूद' किंवा 'लेखनसीमा'. 'विनंती' दिसलं की त्यांचा डोळा 'उपरी'ची वाटच पाहत असतो. कसर खाऊन दोन टोकं उरली तरी त्यांना ती पुरतात. तुम्ही अक्षराकडून शब्दाकडे चढता, ते दोन्हीकडून येतात.

म्हणून माझं सांगणं वेगळं आहे. मुळाक्षरं घोटणं चालू ठेवा, पण जोडीला ज्यांचं बालबोध लिप्यंतर छापलेलं आहे अशी पत्रं भरपूर वाचा. आधी बालबोध मोठ्याने वाचायचं, मग मूळ मोडी पाहायची. यात कॉपी केल्यासारखं वाटून घेऊ नका. प्रात्यक्षिकात आम्ही काळ्या-पांढऱ्या डागांचा एक फोटो दाखवायचो. पानगळीच्या जमिनीवर हुंगत उभा असलेला ठिपकेवाला डाल्मेशियन कुत्रा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला नुसते शाईचे शिंतोडे दिसतात. 'इथे नाक, हा पट्टा, हे पुढचे पाय' असं एकदा बोट फिरवलं की कुत्रा उठून उभा राहतो, आणि त्यानंतर पुन्हा नुसते शिंतोडे बघायचे म्हटलं तरी जमत नाही. सुट्टीनंतर, दोन-दोन वर्षांनी आलेल्या मुलांनाही तो लगेच दिसायचा. छापील लिप्यंतर हे तसं फिरवलेलं बोट आहे.

पण सावध राहा. सराव दाखवतो तसा झाकतोही. २०१३ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टसमोर जे स्कॅन ठेवले, त्यांतल्या एकात गोरिलाचं छोटं चित्र घुसवलं होतं. ते शोधत होते त्या गाठींपेक्षा ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. त्यांचे डोळे गाठीची वाट पाहत होते, गोरिलाची नव्हे. मोडीत अशी जागा म्हणजे आकडे, गावांची नावं आणि माणसांची नावं. 'उपरी' अंदाजाने वाचलंत तर बिघडत नाही. इनामाच्या कागदातलं गाव किंवा बिघ्यांचा आकडा अंदाजाने वाचलात तर इतिहास खोटा होतो. तिथे तुमची अर्धा तास लावणारी नवशिकी नजर गुरुजींच्याही उपयोगाची आहे. त्यांना तसं सांगा, ते रागावणार नाहीत.

ट्रेकच्या आधी आम्ही मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा बघतो. सह्याद्रीतल्या कितीतरी दऱ्या मला डोंगराच्या सोंडेसारख्या वर आलेल्या दिसतात आणि सोंडा दरीसारख्या. मित्रांना बरोबर दिसतं. का? — एक भटका, डोंबिवली

मोबाइल उलटा धरा. उत्तर खाली, दक्षिण वर. बहुधा सगळं जागच्या जागी येईल.

उजेड वरून येतो, ही आपल्या डोळ्यांची पक्की समजूत आहे. वरची बाजू उजळ आणि खालची काळी असेल तर फुगवटा, उलट असेल तर खड्डा. रामचंद्रन यांनी १९८८ साली नुसत्या छायांकित गोळ्यांवर हे सुंदर दाखवलं. आता आपला मुलूख विषुववृत्ताच्या उत्तरेला. उपग्रहाचे बरेचसे फोटो निरभ्र दिवसांतल्या सकाळचे, सूर्य आग्नेयेला. उत्तर वर ठेवून नकाशा पाहिला की उजेड खालून उजवीकडून येतो आणि सावली वर पडते. डोळा त्यावर विश्वास ठेवत नाही, तो डोंगरच उलटा करतो. म्हणूनच छायांकित नकाशे काढणारे उजेड वायव्येकडून आल्यासारखा रंगवतात, जिथे आपल्याकडे सकाळी सूर्य कधीच नसतो.

ही समजूत अनुभवातून येते की जन्मतः? दोन्ही. खालून उजेड दिलेल्या पेटीत वाढवलेली कोंबडीची पिल्लंसुद्धा उजेड वरून येतो असंच धरून चालतात, म्हणजे काही भाग उपजत. पण माणसांना हाताने चाचपून फुगवटा-खड्डा ओळखायला लावलं की थोड्या सरावात उजेडाच्या दिशेची समजूत ते थोडी बदलतात, असं २००४ च्या एका अभ्यासात दिसलं. तुमच्या मित्रांनी त्या वाटा पायाखाली घातल्या असतील. ज्या सोंडेवरून घाम गाळत चढलो ती नकाशात खड्डा दिसणं अवघड जातं. जायच्या आधी समोच्च रेषांचा नकाशा मात्र बघाच. दरीला सोंड समजून उतरायला लागणं परवडणारं नाही.

आजी म्हणते चंद्रावर ससा आहे. मला नुसते डाग दिसतात. आजी खोटं बोलते का? — इयत्ता दुसरी, नागपूर

नाही बाळा, आजी खरं बोलते आणि तूही खरं बोलतेस. ते काळे डाग म्हणजे फार फार जुन्या लाव्हाची थिजलेली मैदानं. त्यांत आपल्याकडे कुणी ससा पाहिला म्हणून चंद्राला 'शशांक' म्हणतात, कुणी हरीण पाहिलं म्हणून 'मृगांक'. जपानमधल्या मुलांना तिथे उखळात तांदूळ कुटणारा ससा दाखवतात, युरोपातल्या मुलांना माणसाचं तोंड. डाग सगळ्यांना तेच.

पौर्णिमेला आजीला कागद-पेन्सिल दे. ससा कसा बसलाय ते तिला काढून दाखवायला सांग, कान कुठे, पाठ कुठे. मग कागद हातात धरून चंद्राकडे बघ. आणि त्या रात्री कागद न दाखवता बाबांनाही विचार, त्यांना काय दिसतं ते. मला पोस्टकार्ड टाक.

आईला (८२) विस्मरणाचा आजार आहे. रोज पहाटे खुंटीकडे बघून ओरडते, 'कोण उभं आहे?' तिथे माझ्या मिस्टरांचा रेनकोट असतो. रोज समजावते, रोज विसरते. मला ती नावाने ओळखत नाही, पण मी तिच्या जात्यावरच्या ओव्या गुणगुणले की शांत होते, कधी पुढची ओळही म्हणते. हे खरं की माझ्या मनाचे खेळ? — एक मुलगी, चिपळूण

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या सासूबाईंची शेवटची चार वर्षं अशीच गेली, त्यामुळे पहाटेची ती हाक मला ऐकू येते.

आधी रेनकोट. खांदे, लोंबत्या बाह्या, वर डोक्यासारखी टोपी, आणि पहाटेचा अर्धा उजेड. माणूस ओळखण्याची घाई आपल्या सगळ्यांच्याच मेंदूला असते. १९७६ साली व्हायकिंग यानाने मंगळावरच्या एका टेकडीचा फोटो पाठवला, तिच्यात जगभराला चेहरा दिसला. पुढे जास्त स्पष्ट फोटो आले तेव्हा ती साधी टेकडी निघाली. आपल्याला खुंटीवर माणूस दिसला तर पुढच्या क्षणी 'काल इथे रेनकोट टांगला' हे आठवतं आणि माणूस विरून जातो. आईंकडे तो पुढचा क्षणच येत नाही. त्यामुळे समजावून उपयोग होत नाही. वादही घालू नका, 'कुणी नाही' असं म्हणूही नका, कारण त्यांना दिसतंय. दिवा लावा, त्यांचा हात धरून खुंटीपाशी न्या, रेनकोटाला हात लावू द्या. डोळ्याला जे पटत नाही ते हाताला पटतं. डोळे तपासून घ्या, मोतीबिंदूने हे वाढतं. आणि असे भास रोज होतात हे त्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. आजाराच्या प्रकारावर किंवा एखाद्या औषधावरही ते अवलंबून असू शकतं, हे त्यांनी ठरवायचं आहे.

आता ओव्या. हेन्री मोलेसन नावाचा एक अमेरिकन रुग्ण होता. अपस्मारासाठी १९५३ साली, सत्ताविसाव्या वर्षी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवीन काही त्याच्या लक्षात राहीना. तो २००८ मध्ये गेला, तोवर शास्त्रज्ञांनी त्याच्याकडून खूप शिकून घेतलं. त्याला तुटक रेषांची चित्रं दाखवत. पहिल्या कार्डावर हत्तीच्या चार-दोनच रेघा, पुढच्यावर थोड्या जास्त, असं करत पूर्ण हत्ती. किती रेघांना ओळखू येतं ते बघायचं. तासाभराने तीच कार्डं पुन्हा दाखवली. आपण ही कधी पाहिली आहेत, हेच त्याला आठवत नव्हतं. पण या वेळी त्याने पुष्कळ कमी रेघांत ती ओळखली. ब्रेंडा मिल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९६८ साली लिहिलं. 'मी हे पाहिलं होतं' असं सांगणारी आठवण एका ठिकाणी राहते. न सांगता डोळ्याला, कानाला, जिभेला वाट दाखवणारी दुसरीकडे. पहिली गेली तरी दुसरी बरीच शिल्लक राहू शकते.

आई तुमचं नाव शोधतात तेव्हा पहिल्या ठिकाणी जातात, तिथे काही उरलेलं नाही. ओवीची पुढची ओळ दुसऱ्या ठिकाणाहून येते. तुम्ही गुणगुणता तेव्हा चार रेघा तुम्ही देता, बाकीचा हत्ती त्या पुरा करतात. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. सासूबाई मला शेवटी 'ताई' म्हणायच्या, त्यांच्या थोरल्या बहिणीला म्हणायच्या तसं, आणि भाकरीचं पीठ समोर ठेवलं की हात आपोआप चालायचे. मी रोज थोडं पीठ ठेवायची.

पहाटे ओरडल्या की आधी ओवी सुरू करा, मग दिवा लावा. आणि रेनकोट आज संध्याकाळीच मागच्या पडवीत टांगा.